न सांगता वाढलेलं

मंचरच्या एसटी स्टँडजवळच्या गल्लीत एक मेडिकलचं दुकान होतं. त्या दुकानात काउंटरमागं बसणाऱ्या मारवाडी भाभींमुळं माझ्या घरचं माणूस आज माझ्या समोर बसून जेवतं. हे आधी लिहून टाकते. काय झालं ते नंतर. लिहायला बसलं की मला धाकधूक होते, आणि मग ज्याचं नाव घ्यायचं तेच माणूस राहून जातं. भाभींचं नाव मात्र लिहीत नाही, त्यांना ते आवडायचं नाही.

मी पाचवीत शाळा सोडली. सोडली कसली, सुटली. आईवडील परभणीकडचे. मुकादमाच्या टोळीबरोबर डिंभे धरणाच्या कालव्याच्या कामावर आले, आणि टोळीचं पाल जिथं पडेल तिथं आम्ही. नव्वदीच्या सुरुवातीला निरगुडसरच्या एका घरात मला दिली. पुढं काम संपलं, टोळी कर्नाटकात गेली आणि मी इथंच राहिले. माहेरी पत्र टाकायचं तर कुठल्या पत्त्यावर, तेसुद्धा ठाऊक नसायचं. मी बोलताना 'का'ऐवजी 'कामून' म्हणायचे, म्हणून वाडीतल्या बाया मला 'कामूनवाली' म्हणायच्या. "कामूनवाली, पाण्याला येती का?" मी हसायचे. परक्या मुलखात कुणी आपल्याला काही म्हणतंय, हेही बरं वाटायचं.

आमचे हे मोटारी भरायचे. विहिरीवरची पाण्याची मोटार जळाली की ती उघडायची, आतली काळी पडलेली तार ओढून काढायची आणि नवी तांब्याची तार मोजून भरायची. वेढे मोजूनच द्यायचे. दोन कमी नाही, दोन जास्त नाही. राजुरीपासून लोक मोटार जीपमध्ये टाकून आमच्या पत्र्याच्या शेडवर यायचे. हे मोटार चालू करायचे, स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला टेकवायचे, मूठ स्वतःच्या कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मग सांगायचे, "बेरिंग गेलंय, राव. तार चांगलीय." उघडून बघितलं की तसंच निघायचं.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी हे मोटारीला कान लावून जास्त वेळ बसायला लागले. आधी मला वाटलं काम अवघड असेल. मग एकदा म्हणाले, "आत बोलत्यात." मी म्हटलं, "कोण?" तर म्हणाले, "माझ्यावरच बोलत्यात." झोप गेली. अंघोळ गेली. एक दिवस ताट पुढं सरकवलं आणि म्हणाले, "ह्यात काय कालवलंय?"

मी म्हटलं, "मीठ कालवलंय."

"मिठाबिगर दुसरं?"

पुण्याच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी दोन गोळ्या लिहून दिल्या. एक मुख्य, रात्रीची. दुसरी तिच्या जोडीची, अंग आखडू नये म्हणून. महिन्याभरात आवाज थांबले. पण यांचं तोंड कोरडं पडायचं, सकाळी उठवत नसे, आणि हात कापायचा. तार भरताना वेढा सुटायचा. गिऱ्हाइकासमोर सुटायचा. तीन-चार महिन्यांनी यांनी गोळ्या फेकून दिल्या. "मला काय बी झालं न्हाई. गोळीनंच झालंय जे झालंय ते." आणि मग पुन्हा तेच. एका दुपारी विहिरीच्या काठावर पाय सोडून बसले होते. आत वाकून ऐकत होते.

तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, घाटघरच्या बाजूच्या एका देवऋषाला बोलावलं. त्यानं अंगाऱ्याची पुडी दिली. रोज सकाळी चिमूटभर, पाण्यातून. आणि म्हणाला, "अंगारा न् डाक्टरची गोळी एका पोटात नांदत न्हाई. गोळी बंद करा. घरातल्या दोन्ही बायांनी बेलभंडार उचला."

बेलभंडार म्हणजे बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन देवासमोर शपथ. आमच्याकडं ती मोडत नाहीत. मोडली तर ज्याच्यासाठी घेतली त्याच्यावरच उलटते म्हणतात. आत्याबाईंनी उचलला. मीही उचलला.

पाच दिवस मी शपथ पाळली. सहाव्या दिवशी हे पुन्हा विहिरीकडं निघाले, आणि मी मंचरला गेले. डॉक्टरांची जुनी चिठ्ठी माझ्या ट्रंकेत होती. भाभींनी मुख्य गोळीची पट्टी दिली. त्या वेळी एकदा चिठ्ठी दाखवली की पुढं कुणी फार विचारत नसे. त्यांनी फक्त म्हटलं, "दुसरी गोळी?" मी म्हटलं, "ती आहे घरी." खोटं बोलले. दोन गोळ्या लपवणं मला जमणार नव्हतं. एक कुटून पिठल्यात घालता येते, दोन घातल्या तर चव लागेल, असं माझं गणित.

संध्याकाळी गोळी वरवंट्याच्या टोकाखाली घ्यायची, पदरानं झाकायची आणि यांच्या वाटीत हलवायची. आत्याबाई गोठ्यात गेल्या की. त्यांनी शपथ घेतली होती ना. त्यांना कळलं तर मी त्यांच्या लेकाच्या जिवावर उठलेली ठरेन, आणि मला परत पाठवायचं तर कुठं पाठवणार? माझं माहेर कुठल्या कालव्यावर होतं ते देवाला माहीत.

हे बरे झाले. लवकर बरे झाले, पहिल्यापेक्षा लवकर. गावात देवऋषाचं नाव झालं. दोन घरं त्याच्याकडं जाऊन आली. मी मनात म्हणायचे, देवा, माफ कर, पण ते माझ्या पिठल्यानं झालंय.

मग यांना एक नवीनच लागलं. बसवेना. जेवताना उठायचे, शेडमध्ये दोन फेऱ्या मारायचे, परत यायचे. उभ्या उभ्या पाय बदलत राहायचे, तापल्या मातीवर उभं असल्यासारखे. शेजारची म्हणायची, "काय गं, तुझ्या मालकाला मुंग्या चावल्या का?" आणि ताटासमोर पुन्हा तेच: "कुणीतरी कालवतंय. मला कळतंय." मला वाटलं आजार वर निघतोय. मी गोळी दीड केली. कुणाला न विचारता. पाचवी शिकलेल्या बाईनं स्वतःच्या मनानं दीड केली, हे आज लिहितानाही अंगावर काटा येतो.

चार-पाच दिवस गेले असतील. चैत्र होता, मोटारींचा हंगाम, शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दुपार कलली तशी शेडमधून काहीतरी पडल्याचा आवाज आला. गेले तर हे खाली बसलेले. मान उजवीकडं आणि मागं वळलेली, पिळल्यासारखी. डोळे वर, पत्र्याला चिकटलेले. जबडा वाकडा. लाळ. बोलायचा प्रयत्न चालू होता आणि नुसतं घशातून 'घ्ग्' निघत होतं. मी मान सरळ करायला हात लावला. दगडासारखी होती. मी किंचाळले की नाही मला आठवत नाही. आत्याबाई पळत आल्या, त्यांनी बघितलं आणि एकदम खालीच बसल्या.

लोक जमले. "बाहेरचं हाय हे." "शपथ मोडली आसंल कुणीतरी." हे वाक्य ज्यानं उच्चारलं त्याच्याकडं बघायची माझी छाती झाली नाही. मीच मोडली होती. माझ्यामुळं यांची मान पिळली गेली, यात मला तेव्हा जराही शंका नव्हती. शंका नव्हती ते बरोबरच होतं. फक्त कारण वेगळं होतं.

चुलतदिराची जीप होती. त्यात यांना आडवं घातलं, डोकं माझ्या मांडीवर. जायचं देवऋषाकडं. मंचरला नारळ, लिंबं, कापूर घ्यायला जीप थांबवली. नारळाचं दुकान भाभींच्या मेडिकलला लागून. दिवस मावळायला तासभर असेल. भाभींनी काउंटरवर स्टीलचा डबा उघडला होता. जैन माणसं दिवस मावळल्यावर खात नाहीत, म्हणून त्यांचं जेवण दुकानातच, उजेडात व्हायचं. त्यांनी जीपमध्ये मला बघितलं. मग आत्याबाईंना बघितलं. हातातला घास डब्यात ठेवला आणि खाली उतरून आल्या.

"तू? आणि आजी, तुम्ही? तुम्ही दोघी एका घरातल्या?"

आत्याबाई म्हणाल्या, "ही सून माझी. का वं?"

भाभींनी जीपमध्ये वाकून यांच्या मानेकडं बघितलं, डोळ्यांकडं बघितलं. मग सावकाश म्हणाल्या, "मंगळवारी आजी पट्टी घेऊन गेल्या. शुक्रवारी तू नेलीस. तुमच्या घरात आजारी माणसं दोन आहेत का?"

रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजत होता. मला तो लांबून आल्यासारखा ऐकू आला. मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या माझ्याकडं बघत होत्या. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"तू बी?" त्या म्हणाल्या.

"तुमी बी?"

"अंगाऱ्यात," त्या म्हणाल्या. "रोज. कुटून. जुनी रिकामी पट्टी दावून आणली. मला वाटलं तू बेलभंडार उचललाय, तू देणार न्हाईस. तो मरंल."

त्या सकाळी अंगाऱ्यातून देत होत्या, मी संध्याकाळी पिठल्यातून. यांना बसवेना झालं तेव्हा आजार वाढला असं समजून त्यांनीही गोळी वाढवली होती. त्यांनी एकीच्या दोन केल्या, मी दीड. जोडीची दुसरी गोळी दोघींनीही दिली नव्हती. आम्ही दोघी एका चुलीसमोर बसायचो, एका डेऱ्यातलं पाणी प्यायचो, आणि दोघींनी पदराखाली एकच गोष्ट झाकली होती.

दिराला काहीच कळलं नव्हतं. तो नारळ हातात घेऊन उभा. "वैनी, मंग नारळ घ्यायचा का न्हाई?"

भाभी म्हणाल्या, "भाऊ, नारळ राहू दे. जीप वळव. डॉक्टर मागच्याच गल्लीत आहेत. हे गोळीनं झालंय, आणि इंजेक्शननं सुटतं. मी येते बरोबर." दुकान त्यांनी नोकराच्या हवाली केलं. डबा उघडाच राहिला.

त्या वेळी आम्हा कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं की माझ्या मांडीवरचं माणूस सगळं ऐकतंय. मान पिळलेली, डोळे वर, पण कान शाबूत. मोटारीच्या पोटातलं ऐकणारे कान. मी खाली बघितलं तर यांच्या वर चढलेल्या डोळ्यांच्या कडेनं पाणी वाहून माझ्या लुगड्यात मुरत होतं.

डॉक्टरांनी दंडात इंजेक्शन दिलं. पंधरा-वीस मिनिटं असतील. आधी जबडा सुटला, मग डोळे खाली आले, मग मान हळूहळू सरळ झाली, जसा पिळलेला धुण्याचा पिळा आपोआप उलगडावा. पुढं आयुष्यात मी पुष्कळ बघितलं, पण इतकं भयंकर आणि इतकं सोपं काही बघितलं नाही.

हे उठून बसले. पाणी प्यायले. मग माझ्याकडं बघून शांतपणे विचारलं, "कशात?"

"पिठल्यात."

आईकडं वळले. "आन् तू?"

"अंगाऱ्यात, बाबा."

"म्हंजी कालवत व्हता." ते म्हणाले. "मी सांगत व्हतो. रोज सांगत व्हतो. तुमी मला येड्यात काढलं."

यांच्या आजाराची खूण म्हणून आम्ही डॉक्टरांना सांगायचो, की ह्यांना वाटतं कुणी अन्नात काही घालतंय. आणि घालत होतो आम्हीच.

भाभी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "चूक माझीपण आहे. मी विचारायला पाहिजे होतं." बाहेर अंधार पडला होता.

त्या दिवसापासून यांनी माझ्या हातचं खाणं बंद केलं. आईच्याही हातचं. शेंगा खायचे, स्वतः फोडून. केळी, स्वतः सोलून. अंडी, स्वतः उकडून. ज्याचं तोंड शिवलेलं आहे तेवढंच. पाणी विहिरीवर जाऊन स्वतः शेंदायचे. गावातले म्हणायचे, "राव, कोंबडी तेवढी इमानदार निघाली तुमच्या घरात." हेही त्यावर हसायचे, आणि ते हसू मला चटका देऊन जायचं. गोळी तर बंदच. मी रोज भाकरी करायचे, ताट वाढायचे, समोर ठेवायचे. रोज ते ताट मीच खायचे. मला वाटायचं आता आवाज परत येणार, विहीर परत येणार, आणि ह्या वेळी मला काहीही लपवून देता येणार नाही.

तीन-चार आठवड्यांनी दुधाच्या टेम्पोवाल्याकडून भाभींचा निरोप आला. निरोप जसाच्या तसा असा: "घरच्या बोअरची मोटार खरंच जळाली आहे. आणि मला गोळीबद्दल बोलायचंपण आहे. दोन्ही सांगून ठेवते." यांनी तो पुन्हा एकदा सांगायला लावला. मग म्हणाले, "सांगून बोलावती. चल."

भाभींनी काउंटरवर एक बंद पट्टी ठेवली. तिच्याबरोबर खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद उघडला आणि त्यात लिहिलेलं मराठीत सांगायला लागल्या. तोंड कोरडं पडेल. झोप येईल. हात कापेल. अंगात ताठा येईल. बसवणार नाही असं होऊ शकतं. मान वळू शकते, ती तुम्ही बघितलीच. वजन वाढेल. वर्षानुवर्षं घेतल्यावर काही जणांची जीभ, ओठ आपोआप हलायला लागतात, आणि ते कधीकधी पुढं राहूनच जातं. मी ऐकत होते. हे सगळं मी पिठल्यात वाढलं होतं. आणि दुकानदार असून आपल्याच मालाची एवढी खोड कोण सांगतं?

हे म्हणाले, "आन् चांगलं?"

"ते ह्या कागदावर एकाच ओळीत आहे," भाभी म्हणाल्या. "ते तुम्ही सांगा. तुम्ही घेतली होती. आधी माहीत असून, मग माहीत नसून."

हे काउंटरवरच्या पट्टीकडं बघत राहिले. मग बोटानं तिच्यावर टिचकी मारली, तपासायच्या मोटारीवर मारतात तशी.

"मोटार नुसती मोटार व्हती," ते म्हणाले. "तेवढं चांगलं व्हतं. लई चांगलं व्हतं."

भाभींनी त्यांना तिथं घ्या म्हटलं नाही. आधी डॉक्टरांना भेटा, किती घ्यायची ते त्यांना ठरवू दे, आणि वेढे सुटतात हे त्यांना नक्की सांगा, म्हणाल्या. पुण्याला हे स्वतः बोलले, पहिल्यांदाच. डॉक्टरांना म्हणाले, "सायेब, मला वेढे मोजता आलं पाह्यजेल. आन् कुणी बोलाय नको. ह्या दोन्हीच्या मधी कुठं बसतंय ते बघा." डॉक्टरांनी कमीत कमी गोळी दिली, जोडीची दुसरी पण, आणि दर महिन्याला बोलावलं. पट्टी हे स्वतः फाडायचे. मी त्या वेळी खोलीतसुद्धा थांबत नसे.

सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. हात थोडा कापतच राहिला. थंडीत जास्त. वेढ्यांची मोजणी मध्येच तुटायची, म्हणून मी शेजारी बसून दर दहाला खडूनं रेघ ओढायला लागले. पाचवीचं शिक्षण तेवढ्याला पुरलं. आणि एक गोष्ट गेली ती गेलीच. स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून दोष ओळखणं. पूर्वी अचूक सांगायचे, आता मोटार उघडून बघायला लागते. हे म्हणतात, ज्या कानानं ते लोक ऐकू यायचे त्याच कानानं बेरिंग ऐकू यायचं, दोन्ही एकदमच गेलं. गोळीनं गेलं की आजारानं, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. पुढं मोबाईल आले त्या वर्षांत नवी गोळी मिळाली. हात कापायचा कमी झाला, पोट सुटलं, आणि साखर तपासायचं एक नवीन काम लागलं. एक बाजू उचलली की दुसरी खाली जाते. दर वर्षी आम्ही डॉक्टरांसमोर बसून हेच ठरवतो, यंदा काय सोसायचं. ठरवतात मात्र हे स्वतः. मी ऐकते.

जेवणाचं मात्र गोळी सुरू होऊनही बरेच महिने तसंच होतं. शेंगा, केळी, अंडी. मग पोळ्याच्या दिवशी मी चुलीपुढं बसले होते. हे आले, माझ्यासमोर पाटावर बसले. मी पीठ घेतलं ते बघितलं, मीठ टाकलं ते बघितलं, पाणी ओतलं ते बघितलं. मी मुद्दाम दोन्ही हात समोर ठेवत होते. पदर कमरेला खोचला होता. भाकरी फुगली. आत्याबाई दारात उभ्या होत्या, आत यायला भीत होत्या.

"वाढ," हे म्हणाले.

मी वाढलं. पहिला तुकडा तोडताना यांचा हात कापत होता. गोळीनं असेल. मी विचारलं नाही.

भाभींचं एक राहिलंय. त्या दिवशी आम्ही दवाखान्यातून निघालो तेव्हा अंधार पडला होता. त्यांचा डबा काउंटरवर उघडाच होता. हे मला खूप नंतर त्यांच्या नोकराकडून कळलं, की भाभींनी त्या संध्याकाळी डबा तसाच झाकला आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडेपर्यंत पाण्याचा घोटही घेतला नाही. त्यांचा नियम. मला कधी बोलल्या नाहीत.

आता दुकान त्यांचा मुलगा बघतो. भाभींचे गुडघे गेलेत, घराबाहेर फारशा पडत नाहीत. पण मी एक नवं पातेलं आणून ठेवलंय. त्यात कांदा शिजलेला नाही, लसूण नाही, बटाटा नाही. भाभी, तुमचं एक जेवण माझ्याकडं आहे. यांनी जीप सांगून ठेवलीय, गुडघ्यांना त्रास होणार नाही. एक दिवस तुम्हाला आणीन, चुलीसमोर पाटावर बसवीन, काय काय घातलं ते एक एक सांगत तुमच्यासमोर शिजवीन, आणि दिवस मावळायच्या आत वाढीन.